बटणाएवढ्या विजेची कुळकथा

राजांच्या वंशावळी, किल्ल्यांच्या बखरी आणि लढायांचीं वर्णनें ह्यांनाच इतिहास म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु घरांतील रोजच्या वापराच्या वस्तूंनाहि कुळ असतें, आणि कधीं कधीं तें राजघराण्यांच्याहून पुरातन असतें, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मनगटावरील घड्याळ बंद पडलें म्हणजे आपण दुकानांत जातों. दुकानदार चिमट्यानें एक चकचकीत चकती काढून तिच्या जागीं दुसरी बसवितो, आणि जुनी चकती केरांत पडते. ह्या चकतीस कोणी नुसता ‘सेल’ म्हणतात, कोणी ‘बटण-सेल’. तिची किंमत अल्प, म्हणूनच तिच्याविषयीं विचार करण्याचें कारण कोणास पडत नाहीं. तथापि ह्या एवढ्याशा चकतींत मेवाडच्या भट्ट्यांतील कसब, इटलींतील एका प्राध्यापकाची चिकाटी, विदर्भाच्या टेकड्यांतील काळा दगड आणि दुसऱ्या महायुद्धाची निकड अशा चार धारा येऊन मिळाल्या आहेत. त्या एकेक वेगळ्या करून पाहाव्या, आणि त्यांतून आपला हिस्सा किती व आपलें कर्तव्य काय तें ठरवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पाहण्याचें ठिकाण म्हणून आपण यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाकडील मुकुटबन घेऊं. ज्या जिल्ह्यास आज यवतमाळ म्हणतात त्यास १९०५ पर्यंत वणीच्या नांवावरून ‘वून’ म्हणत. मुकुटबन हें त्या वणीच्याच बाजूचें, झरी जामणी तालुक्यांतील गांव. भोंवतालचा मुलूख कापसाचा, आणि कोलाम व गोंड वस्तीचा. जमिनीच्या पोटांत दगडी कोळसा आणि चुनखडी. माजरीहून वणीवरून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें गांव पडतें. येथून जें बाहेर जातें तें जड असतें आणि टनांनीं मोजलें जातें. बाहेरून जें येतें त्यांत बटण-सेलासारख्या दोन-दोन ग्रॅमांच्या वस्तु असतात आणि त्या नगावर विकल्या जातात. वजनाच्या मानानें पाहिलें तर दगड कवडीमोल आणि बटण महामोल. हा फरक कशानें पडतो, ह्या प्रश्नाचें उत्तर बटणाच्या इतिहासांतच आहे.

बटण-सेलाच्या पोटांत जी धातु खर्ची पडते ती जस्त. जस्त गाळण्याच्या विद्येंत एके काळीं आपल्या देशाचा हात धरणारा कोणी नव्हता. तांबें, शिसें, लोखंड ह्यांचीं खनिजें कोळशाबरोबर तापविलीं कीं धातु भट्टीच्या तळाशीं जमते. जस्ताचें तसें नाहीं. तें सुमारें ९०७ अंश सेंटिग्रेडला उकळतें, आणि खनिजांतून मोकळें होण्यास त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणून मोकळें होतांक्षणींच त्याची वाफ होते, आणि त्या वाफेस हवा लागली कीं पुन्हा भस्म. धातु हातीं येण्यापूर्वींच निसटावी असा हा प्रकार. उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनीं ह्यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खालीं करून भट्टींत बसवावयाच्या, वरून जाळ द्यावयाचा, आणि जस्ताची वाफ नळीवाटें खालच्या थंड भांड्यांत उतरवावयाची. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ ह्या ग्रंथांत ह्या मुशीचें आणि क्रियेचें वर्णन आहे. आणि वापरून टाकलेल्या अशा मुशींचे ढिगारे जावरला आजहि पाहावयास मिळतात. यूरोपांत ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननें जस्त गाळण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं, आणि जर्मनींतील मार्ग्राफनें शास्त्रीय रीतीनें जस्त वेगळें करून दाखविलें तें १७४६ सालीं. म्हणजे ह्या एका विद्येंत आपण कित्येक शतकें पुढें होतों. मात्र त्या जस्ताचें आपण पितळ केलें, भांडीं घडविलीं, औषधें केलीं. त्यांत वीज दडलेली आहे हें कळण्यास दुसऱ्या देशाची आणि दुसऱ्या काळाची वाट पाहावी लागली.

तो काळ अठराव्या शतकाच्या अखेरीचा. बोलोन्याच्या गॅल्व्हानीनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलें कीं, मेलेल्या बेडकाच्या पायास दोन निरनिराळ्या धातूंचा स्पर्श केला असतां तो पाय आंखडतो. आणि ह्याचें कारण प्राण्याच्या अंगांतील वीज होय असें त्याचें मत पडलें. पाव्हियाच्या विद्यापीठांतील व्होल्टा ह्यास तें पटेना. त्याचें म्हणणें, वीज बेडकांत नसून दोन धातूंच्या भेटींत आहे. हा वाद त्यानें शब्दांनीं नव्हे तर प्रयोगानें मिटविला. चांदीची एक चकती, तिच्यावर जस्ताची चकती, त्यावर मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी उतरंड त्यानें रचिली आणि तिच्या दोन टोंकांतून अखंड प्रवाह मिळविला. २० मार्च १८०० रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रांत त्यानें हें कळविलें. त्या उतरंडींतील एक जोडी काढून हातांत घेतली तर ती आजच्या घड्याळाच्या सेलाची थेट पणजी शोभेल. चांगल्या घड्याळांत आजहि जो सेल घालतात त्याच्या एका अंगास जस्त आणि दुसऱ्या अंगास चांदीचें प्राणवायूशीं झालेलें संयुग असतें. आकार चकतीचाच, धातुहि त्याच. सव्वादोनशें वर्षांच्या भ्रमंतीनंतर ही विद्या आपल्या जन्मस्थानाजवळ परत आली आहे असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

परंतु चांदी सर्वांना परवडणारी नव्हे. विजेस स्वस्त सोबती मिळवून दिला तो जॉर्ज लेक्लांशे ह्या फ्रेंच इंजिनियरानें, १८६६ सालीं. जुन्या घटांत एक खोड अशी होती कीं, प्रवाह सुरू होतांच धातूच्या एका पट्टीवर हायड्रोजन वायूचे बुडबुडे जमत आणि वीज मंदावे. लेक्लांशेनें त्या बाजूस मँगेनीजचा काळा डायॉक्साइड कोळशाच्या भुकटींत मिसळून ठेवला. ह्या काळ्या भुकटीच्या अंगीं प्राणवायु भरपूर. ती हायड्रोजनास गिळून टाकते आणि प्रवाह चालूं राहतो. काचेची बरणी, जस्ताची कांडी, नवसागराचें पाणी आणि ही काळी भुकटी, एवढ्या सामग्रीवर तारायंत्रें चाललीं आणि पुढें टेलिफोनच्या घंटा वाजल्या. १८८६-८७ च्या सुमारास जर्मनींतील कार्ल गासनर ह्यानें नवसागराच्या पाण्याची लापशी करून ती जस्ताच्याच डब्यांत कोंडली. सांडणारी बरणी जाऊन खिशांत मावणारा कोरडा सेल आला, आणि हातांतील विजेरीचा मार्ग मोकळा झाला.

येथें आपल्या विदर्भाचा संबंध येतो. मँगेनीजचा तो काळा दगड नागपूर, भंडारा आणि लगतच्या बालाघाट जिल्ह्यांच्या टेकड्यांत पसरलेला आहे. १८९६ सालीं ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ नांवाची ब्रिटिश कंपनी निघाली, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनसर, कांद्री, चिखला ह्या बाजूच्या टेकड्या फुटूं लागल्या. थोड्याच वर्षांत जगांतील मोठ्या मँगेनीज-उत्पादक देशांत हिंदुस्थान रशियाच्या बरोबरीनें गणला जाऊं लागला. भूगर्भशास्त्रज्ञ लुइस ले फर्मोर ह्यानें ह्या खनिजांवर १९०९ सालीं विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एका विशिष्ट खडकास त्यानें गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें, आणि तें आज जगभर रूढ आहे. गोंडांचें नांव अशा रीतीनें शास्त्रांत अमर झालें; खडकाचें मोल मात्र समुद्रापलीकडे गेलें. विशाखापट्टणचें बंदर १९३३ सालीं खुलें झालें, त्यामागेंहि मध्यप्रांताच्या ह्या खनिजास जवळचा समुद्र मिळावा हा एक मोठा हेतु होता. रेल्वे, बंदर, जहाज अशी सारी वाट दगडाच्या सोयीनें बांधली गेली. त्या दगडाचें पुढें काय होतें हें शिकण्याची सोय मात्र त्या वाटेवर कोठेंहि झाली नाहीं.

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ह्या मँगेनीजचा बहुतेक भाग पोलादाच्या कारखान्यांत खपतो. सेलांच्या वांट्यास येणारा भाग थोडा. परंतु तो निवडक असतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग ही खाण अशा डायॉक्साइडयुक्त खनिजाविषयीं प्रसिद्ध आहे, आणि तेथील माल कोरड्या सेलांच्या धंद्यास जातो. नकाशावर सरळ रेषेनें मोजलें तर मुकुटबनपासून ही खाण दोनशें किलोमीटरांहून थोडीच दूर आहे.

आतां कुळकथेचा शेवटचा अध्याय. नवसागराचा सेल स्वस्त खरा, पण त्याचीं दोन व्यंगें होतीं. त्याचें जस्ताचें डबडेंच त्याचें इंधन असल्यामुळें वीज देतां देतां तें पोखरून निघे आणि आंतील चिकट पाणी बाहेर येई. आणि उष्ण दमट हवेंत तो वापरल्यावांचूनहि बिघडे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्य उष्ण कटिबंधांत लढूं लागलें तेव्हां हें दुसरें व्यंग जिवावर बेतणारें ठरलें. १९४२ च्या सुमारास सॅम्युएल रूबेन ह्यानें नवसागराऐवजीं दाहक पोटॅशचा क्षार आणि मँगेनीजऐवजीं पाऱ्याचें संयुग वापरून एक लहान, घट्ट बंद केलेला सेल तयार केला. बटणाचा आकार विजेस प्रथम व्यवहारांत मिळाला तो ह्या पाऱ्याच्या सेलामुळें. युद्ध संपल्यावर तो बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत, छायाचित्रकारांच्या प्रकाशमापकांत आणि घड्याळांत शिरला. १९५७ सालीं हॅमिल्टन कंपनीनें काढलेलें मनगटी विजेचें घड्याळ अशाच लहान सेलावर चाले.

क्षार ठेवून पाऱ्याऐवजीं पुन्हा स्वस्त मँगेनीज घालतां येईल काय, ह्या प्रश्नाचें यशस्वी उत्तर लुइस उरी ह्या कॅनडियन इंजिनियरानें दिलें. १९५५ सालीं युनियन कार्बाइडच्या ओहायोंतील प्रयोगशाळेंत त्यास जुना सेल सुधारण्याच्या कामावर नेमलें होतें. जुना सुधारण्यांत अर्थ नाहीं असें पाहून त्यानें नवाच करावयास घेतला. अनेक प्रयोग फसल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, जस्ताची पट्टी न घेतां भुकटी घ्यावी. भुकटीस पृष्ठभाग अधिक, म्हणून प्रवाहहि अधिक. वरिष्ठांची खात्री पटविण्यासाठीं त्यानें खेळण्यांतल्या दोन मोटारी आणल्या. एकींत जुना सेल, दुसरींत नवा. जुनीचा दम उखडला तरी नवी फेऱ्यांवर फेऱ्या घालीत राहिली. १९५९ सालीं हा सेल बाजारांत आला.

हा सेल बटणाएवढा कां होऊं शकतो, हें समजून घेण्याजोगें आहे. त्यांत जस्त आपले इलेक्ट्रॉन सोडून देतें, मँगेनीजचा डायॉक्साइड ते स्वीकारतो, आणि मधला क्षार केवळ हमालाचें काम करतो. एकूण हिशेबांत तो स्वत: खर्च होत नाहीं. जो खर्च होत नाहीं तो थोडाच असला तरी चालतें, आणि म्हणून सगळी जागा जस्त व मँगेनीज ह्या दोन कमावत्या पदार्थांस देतां येते. बाहेरील पोलादी वाटी धन बाजू, वरील लहान टोपी ऋण बाजू. दोहोंमध्यें प्लॅस्टिकची कडी. एवढ्यांत दीड व्होल्टची वीज बंदिस्त होते. सेलावरील अक्षरें गूढ वाटलीं तरी सरळ आहेत. ‘एलआर ४४’ यांतील ‘एल’ म्हणजे क्षार-मँगेनीजची जात, ‘आर’ म्हणजे वाटोळा आकार, आणि ४४ हें मापाचें ओळखचिन्ह. हा सेल ११.६ मिलिमीटर रुंद आणि ५.४ मिलिमीटर उंच असतो. त्याच मापाच्या चांदीच्या सेलास ‘एसआर ४४’ म्हणतात. मँगेनीजच्या सेलाचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरतो, चांदीच्याचा शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. म्हणून खेळण्यास व हिशेबाच्या यंत्रास पहिला पुरे, घड्याळास दुसरा बरा. ‘सीआर’ अक्षरांचा सेल मात्र लिथियमचा आणि तीन व्होल्टचा. तो ह्या दोहोंच्या जागीं चालत नाहीं.

२५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सीको कंपनीनें स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, आणि पुढें कांहीं वर्षांतच बटण-सेल घरोघर पोंचला. आपल्या देशांत विजेरीचे मोठे सेल ह्याच्या कितीतरी आधींपासून तयार होत होते. नॅशनल कार्बन कंपनीची हिंदी शाखा १९३४ सालीं कलकत्त्यास स्थापन झाली. मुंबईची ‘एस्ट्रेला’, बडोद्याची ‘नोव्हिनो’, नेल्लोरची ‘निप्पो’ हीं नांवें कित्येक पिढ्यांस परिचित आहेत. कलकत्त्याची तीच कंपनी पुढें ‘युनियन कार्बाइड इंडिया’ झाली, आणि १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळच्या विषारी वायूनें तिचें नांव कायमचें काळें झालें. विजेरीचा सेल अशा रीतीनें देशी झाला, पण बटण-सेल बहुतांशीं परदेशांतूनच येत राहिला. ह्याचें एक कारण खनिजाच्या शुद्धतेंत आहे. नवसागराच्या सेलास खाणींतला निवडक डायॉक्साइड चालतो. क्षाराच्या सेलास तो विजेच्या साहाय्यानें पुन्हा घडविलेला, अत्यंत शुद्ध लागतो. खाणी १९६२ सालीं ‘मँगेनीज ओअर इंडिया’ ह्या सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आल्या. आणि तिनें डोंगरी बुजुर्ग येथें असा शुद्ध डायॉक्साइड करण्याचा, वर्षास ६०० टनांचा लहान कारखाना देशी पद्धतीवर उभारला तो १९९१ सालीं. टेकडी फुटल्यापासून ह्या पायरीपर्यंत नव्वद वर्षें लागलीं.

दगड आणि बटण ह्यांच्या किंमतींत जो फरक आहे तो ह्या नव्वद वर्षांचा आहे. दगड निसर्ग देतो. शुद्धता, मोजमाप आणि धीर हीं माणसाला द्यावीं लागतात. जस्ताच्या बाबतींत एके काळीं आपण तीं दिलीं होतीं, म्हणून तीं आपल्या स्वभावांत नाहींत असें कोणास म्हणतां येणार नाहीं. मुकुटबनकडे पाहिलें तरी हाच धडा दिसतो. येथील चुनखडीपासून जागच्या जागीं सिमेंट करणारा मोठा कारखाना २०२२ सालीं सुरू झाला. खनिजाचा पुढचा संस्कार खाणीच्या दारीं होऊं शकतो, ह्याचा हा डोळ्यांपुढील दाखला आहे. अशा कारखान्यानें धूळ आणि पाण्याचे प्रश्नहि उभे राहतात, ते नजरेआड करावे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दगड तसाच पाठवून देण्यानें ते प्रश्न सुटतात असेंहि नाहीं.

कुळकथा येथें संपती तर बरें होतें. पण ज्याचा जन्म सांगितला त्याचें उत्तरकार्यहि सांगितलें पाहिजे. जस्त क्षारांत पडून असतां हळूहळू कुजतें व वायु सोडतें; तें थांबविण्यासाठीं अनेक वर्षें बटण-सेलांत थोडा पारा मिसळीत. पारा म्हणजे काय तें जपानांतील मिनामाटाच्या कोळ्यांनीं भोगलें; त्या गांवाच्या नांवानें २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. त्या करारानें पारायुक्त क्षार-मँगेनीजच्या बटण-सेलांचें उत्पादन व व्यापार बंद करण्यास २०२० ची मुदत घातली. चांदीच्या व हवेवर चालणाऱ्या जस्ताच्या बटणांस मात्र अल्प पाऱ्याची मुभा ठेवली. ताप पाहण्याच्या कांचेच्या नळींतला पारा जाऊन तेथें बटण-सेलाचें यंत्र आलें, आणि त्या बटणांतूनहि पारा जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु घरोघरच्या खणांत आणि उकिरड्यांत जुने सेल अद्याप पडलेले आहेत. २००१ च्या नियमांत केवळ मोटारीच्या शिशाच्या बॅटऱ्यांचा विचार होता. ऑगस्ट २०२२ मध्यें केंद्र सरकारनें जे नवे नियम केले त्यांत लहान सेलहि आले, आणि वापरलेला माल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर व आयात करणाऱ्यांवर पडली. नियम दिल्लींत झाला म्हणून डबा मुकुटबनच्या दुकानांत आपोआप येत नाहीं. तो शाळेनें, ग्रामपंचायतीनें, घड्याळजीनें ठेवला तरच येणार.

दुसरी गोष्ट आयाबायांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. चमकदार चकती लहान मुलास गोळीसारखी वाटते आणि तें ती गिळतें. ती अन्ननलिकेंत अडकली म्हणजे ओल्या पेशींतून प्रवाह सुरू होतो, ऋण बाजूस दाहक क्षार उत्पन्न होतो, आणि दोन तासांच्या आंतहि नलिका खोल भाजूं शकते. पांच रुपयांच्या नाण्याएवढे लिथियमचे सेल सर्वांत घातक, पण इतरहि निर्धोक नव्हेत. नाकांत किंवा कानांत सेल गेला तरी तोच प्रकार. असा संशय आल्यास उलटी करविण्याच्या भरीस न पडतां, सकाळची वाट न पाहतां, जेथें क्ष-किरणाची सोय आहे अशा रुग्णालयांत मुलास तत्काळ न्यावें. मुकुटबनसारख्या गांवाहून मोठें रुग्णालय जवळ नसतें, म्हणून तेथील घरीं ही सावधगिरी दुप्पट हवी. जुना सेल काढतांच त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून तो उंच ठेवलेल्या झाकणाच्या डब्यांत टाकावा. ज्या खेळण्यांत सेलाच्या झाकणास स्क्रू नाहीं तें खेळणें घरांत आणूं नये.

दगड बाहेर जाण्याची वाट रेल्वेनें सव्वाशें वर्षांपूर्वीं बांधली, आणि बटण आंत येण्याची वाट बाजारानें. वापरलेलें बटण परत नेणारी तिसरी वाट अजून कोणी बांधलेली नाहीं. त्या बटणांत जस्त आहे, मँगेनीज आहे, पोलाद आहे, कित्येकांत चांदीहि आहे. म्हणजे ज्यास आपण केर म्हणून टाकतों तें खाणीहून शुद्ध खनिज आहे. पहिल्या दोन वाटांच्या वेळीं आपला सल्ला कोणी विचारला नव्हता. तिसरी मात्र प्रत्येक घराच्या खणापासून सुरू होते, आणि ती बांधण्यास कोणा सिंडिकेटची वाट पाहण्याचें कारण नाहीं.